अरुंद होत गेलेली नाव

ज्यांच्या घराण्याला ग्वाल्हेरीत येऊन सहा-सात पिढ्या झाल्या आणि ज्यांनी मोठे पाणी म्हणून आजवर तिघऱ्याचे धरण तेवढे डोळे भरून पाहिले, त्यांनी महासागरात वल्हवायच्या नावांविषयी लिहायला बसावे, हे वाचकांना अंमळ विपरीतच वाटेल. आरंभी आम्हालाही वाटले. परंतु प्रसंगच तसा घडला.

आमचे जावई काही वर्षांपासून नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थ येथे असतात. दिवाळीनंतर एके दिवशी त्यांचा फोन आला. "बाबा, तुम्ही इतकी वर्षे खरेदी समितीवर होतात. मला एक नाव घ्यायची आहे. पाच-सहा पाहून ठेवल्या आहेत. मापे आणि किमती पाठवतो. तुमच्या पद्धतीने एक तुलनात्मक तक्ता करून द्याल का?" निवृत्त माणसाला असे कोणी काम सांगितले म्हणजे किती बरे वाटते, हे निवृत्तांनाच ठाऊक. आम्ही तत्काळ होकार दिला, आणि मगच नाव कसली, हे विचारले.

ती होती सर्फ-स्की. नावात 'स्की' असले तरी बर्फाशी तिचा संबंध नाही. सुमारे वीतभर खोल, दोन-अडीच वीत रुंद आणि चार पुरुष लांब अशी ही बंद पोकळ नाव असते. माणूस तिच्या आत शिरत नाही. पाठीवर कोरलेल्या खळग्यात उघड्यावर बसतो. पाय समोरच्या पायट्यांवर टेकलेले, त्या दाबल्या की तळाशी असलेले सुकाणू वळते. हाती दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. नाव उलटली तर पाणी आत भरून ती बुडत नाही, कारण आत जायला वाटच नाही. माणूस मात्र पाण्यात पडतो. या शेवटच्या वाक्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

तक्ता करण्यापूर्वी वस्तूचा पूर्वेतिहास पाहावा, ही आमची जुनी सवय. तो पाहू लागलो आणि त्यातच गुंतून पडलो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिडनी परिसरात दिवसाढवळ्या समुद्रस्नान करण्यास कायद्याने मनाई होती, हे आज कोणास खरे वाटणार नाही. १९०२ मध्ये मॅनली या उपनगरातील विल्यम गोचर नावाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने आधी जाहीर करून भर दिवसा समुद्रात उडी घेतली. पुढल्याच वर्षी तेथील नगर परिषदेने अंगभर पोशाखाची अट घालून दिवसा स्नानास मोकळीक दिली. लोक लोटले, आणि पोहता न येणारे लोक लोटले की जे होते ते होऊ लागले. त्यातून जागोजाग स्वयंसेवी जीवरक्षकांचे क्लब निघाले आणि १९०७ मध्ये त्यांची संयुक्त संघटना उभी राहिली. आज आपण ज्या नावेचा विचार करीत आहोत तिचे पालनपोषण याच जीवरक्षकांनी केले.

जन्म मात्र अन्यत्र झाला. न्यू साउथ वेल्स प्रांतात पोर्ट मॅक्वायरीजवळ लेक इनेस नावाचे सरोवर आहे. तेथे मॅक्लॅरन कुटुंबाचा कालवे वाढवण्याचा व्यवसाय होता. १९१२ च्या सुमारास हॅरी आणि जॅक या मॅक्लॅरन बंधूंनी कालवांच्या वाफ्यांतून फिरण्यासाठी देवदाराच्या पातळ फळ्यांची एक पोकळ नाव केली. तिच्यावर बसायचे आणि दोन हातांत दोन छोटी पाती धरून ती पुढे ढकलायची. कामाच्या जागी उपयोगी पडलेली ही वस्तू दोघे भाऊ समुद्रावर नेऊन लाटांतही खेळवू लागले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९३३ मध्ये, मॅनलीचे डॉ. क्रॅकनथॉर्प यांनी सर्फ-स्कीचे पेटंट घेतले आणि मॅनलीत तिचे जनक म्हणून त्यांचेच नाव रूढ झाले. खसऱ्यावर ज्याचे नाव त्याचीच जमीन, हा न्याय ग्वाल्हेरीतच चालतो असे नाही. मॅक्लॅरन बंधूंनी कागद केला नाही, एवढेच.

शोधाचे श्रेय कोणाचेही असो, तो अगदीच एकाकी नव्हता. पेरू देशात वांचाको येथील कोळी लव्हाळ्यांच्या जुड्या बांधून केलेल्या अरुंद नावांवर बसून, हाती चिरलेला बांबू घेऊन, लाटेवरून किनाऱ्याला येत आले आहेत, आणि ही प्रथा युरोपीय लोक तेथे पोहोचण्याच्या पुष्कळ आधीची आहे. आपल्या कोकणातही अरुंद नावेचा प्रश्न लोकांना पडला होता. त्यांनी काढलेले उत्तर म्हणजे उलांडी: नावेच्या एका अंगाला दोन आडव्या काठ्यांनी जोडलेला ओंडका. नाव एका बाजूला कलू लागली की ओंडक्याचे वजन आणि दुसरीकडे कलली की त्याचे तरंगणे तिला सावरते. पॅसिफिकच्या बेटांवर हेच उत्तर हजारो मैल दर्या ओलांडण्यास पुरले. अरुंद लाकूड वेग देते आणि बाजूचा ओंडका तोल देतो, अशी ही वाटणी. सर्फ-स्कीने ती मोडली. ओंडका नाही, रुंदीही नाही. मग तोल कोठून आणायचा? तो बसणाऱ्याच्या कमरेतून आणायचा. आमच्या मते या नावेचा पुढला सारा इतिहास म्हणजे नावेतला तोल हळूहळू काढून माणसाच्या अंगावर टाकण्याचा इतिहास आहे.

प्रारंभीच्या स्क्या जड, आखूड आणि चांगल्या रुंद होत्या. बुडणाऱ्याला त्यांच्यावर ओढून घेता येत असे. समुद्र काय करू शकतो याची आठवण ऑस्ट्रेलियाला ६ फेब्रुवारी १९३८ या दिवशी झाली. बाँडाय येथे लागोपाठ आलेल्या प्रचंड लाटांनी शेकडो लोक एकाच वेळी खोल पाण्यात ओढले गेले. हाती लागेल ते साधन घेऊन जीवरक्षक धावले आणि सुमारे अडीचशे माणसे बाहेर काढली. पाच वाचली नाहीत. पुढे क्लबाक्लबांत चढाओढी सुरू झाल्या, फळ्यांची जागा प्लायवूडने आणि मग फायबरग्लासने घेतली, आणि स्क्या सडपातळ होऊ लागल्या. तरीही जीवरक्षकांच्या स्पर्धांत चालणाऱ्या स्कीला नियमाने १८ किलोचे किमान वजन आणि ४८ सेंटिमीटरची किमान रुंदी ठरवून दिली गेली. ज्या संस्थेचे मूळ काम माणसे वाचवण्याचे, तिने रुंदीला खालची मर्यादा घातली, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते.

ही मर्यादा ओलांडली गेली खुल्या समुद्रात, आणि त्यात पुढाकार होता दक्षिण आफ्रिकेचा. डर्बनच्या दक्षिणेला स्कॉटबर्ग ते ब्रायटन अशी सुमारे ४६ किलोमीटरची शर्यत १९५८ पासून चालत आली आहे. १९७२ मध्ये पोर्ट एलिझाबेथ (२०२१ पासून या शहराचे नाव ग्केबेर्हा) ते ईस्ट लंडन ही सुमारे अडीचशे किलोमीटरची, अनेक दिवस चालणारी शर्यत सुरू झाली. किनाऱ्यावरची लाट फोडून दोनशे मीटर जाऊन यायचे असेल तर आखूड नाव बरी. परंतु दिवसभर किनाऱ्याला समांतर, वारा पाठीशी घेऊन जायचे असेल तर हिशेब वेगळा होतो.

हा हिशेब येथे मांडणे भाग आहे, कारण निवडीचे सारे त्यात आहे. पाण्यातून चालणारी नाव स्वतःची लाट उठवते आणि तिच्या मागे अडकते. नाव जितकी लांब तितका हा अडसर उशिरा येतो. म्हणून स्की सहा-साडेसहा मीटरपर्यंत लांबली. शिवाय पाठीमागून येणाऱ्या लाटेवर चढून घसरत जाणे, ही या खेळातील खरी चैन. दर चार सेकंदांनी येणारी वाऱ्याची लाट खोल पाण्यात ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने धावते. चांगला वल्हेकरी स्वतःच्या बळावर ताशी ११-१२ किलोमीटर जातो. लाट आपल्याखाली येताना पाच-सहा जोरकस हात मारून त्याने नावेची नाळ उतारावर टाकली, तर काही क्षण लाट त्याला आपल्या वेगाने नेते. ही झेप घेण्यास नाव हलकी आणि अरुंद हवी, म्हणून रुंदी ४३-४५ सेंटिमीटरवर आली आणि कार्बनच्या वापराने वजन दहा-अकरा किलोपर्यंत उतरले.

याची किंमत कोणी दिली? नावेच्या आकारातून मिळणारा आधार रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतो. ५६ सेंटिमीटरची रुंदी ४३ वर आणली तर रुंदी चौथाईहूनही कमीच घटते, परंतु आधार निम्म्याहून खाली जातो. बैठक दोन बोटे उंच केली तर तो आणखी घटतो. पाण्याला फसवता येत नाही. जो आधार नावेतून गेला तो वल्हेकऱ्याला आपल्या पोटाच्या स्नायूंनी आणि वल्ह्याच्या थापेने भरून द्यावा लागतो, आणि तो थकला की तेही संपते.

या कलेत अग्रगण्य झाले ते दक्षिण आफ्रिकेचे ऑस्कर चालुप्स्की. हवाई बेटांत मोलोकाई आणि ओआहू यांच्यामधील सुमारे ५२ किलोमीटरची खाडी ओलांडण्याची शर्यत त्यांनी बारा वेळा जिंकली: पहिल्यांदा १९८३ मध्ये, विशीत, शेवटची २०१२ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी. त्यांच्या जोडीला नाव घ्यावे लागेल अमेरिकेच्या ग्रेग बार्टन यांचे. जन्मतः दोन्ही पावले वाकडी असलेल्या, शस्त्रक्रियांनी ती जेमतेम सरळ झालेल्या या गृहस्थांनी १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी दोन सुवर्णपदके मिळवली. ते अभियंते, पुढे त्यांच्या एपिक कंपनीत चालुप्स्की सामील झाले आणि तेथून व्ही-१० नावाची शर्यतीची स्की निघाली: लांबी सहा मीटरच्या वर, रुंदी सुमारे ४५ सेंटिमीटर. दक्षिण आफ्रिकेच्या फेन कंपनीची माको मालिका त्याच जातीची. त्याआधी १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये पंखाच्या आकाराचे वल्हे निघाले होते. तेही या नावांना फार मानवले. २०१३ मध्ये पोर्तुगालमधील व्हिला दो काँडे येथे या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत भरली. खेळ प्रौढ झाला.

आणि येथेच आमच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक गोष्ट घडली. अरुंद नावा विकत घेणारे हौशी लोक त्या घरी टांगून ठेवू लागले. चढत होते, पडत होते, संकोचत होते. तेव्हा याच कंपन्या उलट्या वळल्या. एपिकने व्ही-८ काढली: साडेपाच मीटर लांब आणि ५६ सेंटिमीटर रुंद. इतरांनीही तशाच काढल्या. आधी स्थैर्य मिळवा, कौशल्य त्याच्यामागून येते, असे चालुप्स्की स्वतः नवशिक्यांना आवर्जून सांगत. बारा वेळा मोलोकाई जिंकलेला माणूस रुंद नावेची शिफारस करतो, ती केवळ विक्रीसाठी नसावी. ज्या नावेवर आपण डळमळत असतो तिच्यावर आपण वल्हे ओढत नाही, नुसते टेकवत असतो. म्हणून खवळलेल्या पाण्यात साधारण माणूस रुंद नावेवरच अधिक वेगाने जातो. आमच्या आरमाराच्या इतिहासातही गुराबांचे भारदस्तपण आणि गलबतांची चपळाई ही दोन्ही आंग्र्यांनी जवळ बाळगली होती. कोणते केव्हा काढायचे हे समुद्र पाहून ठरे.

असो. तक्ता तयार झाला. लांबी, रुंदी, वजन, पदार्थ, वर्षे वापरलेली की नवी, किंमत, विक्रीनंतरची देखभाल इत्यादी आठ रकाने आम्ही पाडले, प्रत्येकास गुण दिले आणि बेरीज केली. पहिल्या क्रमांकावर आली एक ४४ सेंटिमीटरची कार्बनची स्की, वर्षभर वापरलेली, सवलतीत मिळणारी. जावईबुवांच्या मनात तीच होती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते. आम्ही तक्त्याखाली तारीखसुद्धा घातली. सही करायला पेन टेकवले आणि थांबलो.

अशाच एका तक्त्यावर पूर्वी आमची सही झालेली होती. सेवेत असताना एका जिल्ह्यात पूर-बचावासाठी फायबरच्या होड्या घ्यायच्या होत्या. नऊ रकान्यांचा तक्ता आम्हीच केला: क्षमता, इंजिनाची ताकद, वजन, हमी, दर. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाली. नियमात कोठेही चूक नव्हती. दुसऱ्या पावसाळ्यात नदीकाठच्या एका तहसिलीत त्यांतली एक होडी वळणावरच्या धारेत कलंडली आणि चार जण पाण्यात गेले. होडी पुन्हा सरळ झाली, परंतु तिचे काठ इतके उंच होते आणि बाहेरून धरायला दोर वा कडी काहीच नव्हते, की पाण्यातून तिच्यात कोणालाच चढता येईना. तिघे पोहत एका झाडाला लागले. एक होमगार्ड जवान तिच्या काठाला चाळीस मिनिटे लोंबकळत राहिला. शेवटी गावकऱ्यांचा ठेंगण्या काठांचा लाकडी डोंगा आला आणि त्यांनी त्याला आडवा ओढून घेतला. तो वाचला, मात्र त्याच्या उजव्या हाताची बोटे पुढे कित्येक महिने नीट मिटत नव्हती. चौकशीत आम्हाला कोणी दोष दिला नाही. 'पाण्यातून परत चढता येते काय?' हा रकाना नमुन्यातच नव्हता.

आम्ही पर्थला फोन लावला आणि नववा रकाना घातल्याचे सांगितले.

या रकान्याला सर्फ-स्कीच्या बाबतीत विशेष अर्थ आहे. पडलेल्या माणसाला नावेच्या बाजूला यावे लागते, पलीकडला काठ धरून पाय झाडत पोटावर वर सरकावे लागते, आणि मग फिरून खळग्यात बसावे लागते. त्या क्षणी नाव उभी असते, लाटा बाजूने येत असतात आणि दम गेलेला असतो. खळग्यातले पाणी तळाच्या झडपेतून ओढले जाते खरे, पण नाव वेगात असेल तरच. उभ्या नावेत ते डचमळत राहते आणि उरलासुरला तोलही नेते. दहा किलोची रिकामी स्की वाऱ्यावर पोहणाऱ्यापेक्षा पुष्कळ लवकर पळते, म्हणून पायाला बांधायची दोरी तुटली की नावेची किंमत शून्य. पर्थला उन्हाळ्याच्या दुपारी नैऋत्येकडून जोराचा थंड वारा सुटतो; उकाड्यावर उतारा म्हणून लोकांनी त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' असे लाडके नाव दिले आहे. रॉटनेस्ट बेटावरून सोरेंटोपर्यंत सुमारे २७ किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत त्याच्याच नावाने आणि त्याच्याच पाठबळावर होते. हा डॉक्टर नवशिक्याची नाडी फार घट्ट धरतो, असे आमच्या मुलीने कळवले.

तेव्हा अट अशी घातली: क्लबात ज्या स्क्या चालवून पाहायला मिळतात त्या प्रत्येकीवर, वारा असताना, सोबत जाणकार ठेवून, लागोपाठ पाच वेळा मुद्दाम पडायचे आणि पाच वेळा चढायचे. जावईबुवांनी थोडा वाद घातला. पुढच्या वर्षी कौशल्य वाढेल, मग पुन्हा खर्च कशाला, हा त्यांचा मुद्दा अगदीच गैर नव्हता. रुंद नाव लवकर पुरेनाशी होते, असे अनुभवी लोकही सांगतात. शिवाय त्यांचे वजन बेताचे, आणि हलक्या माणसाखाली नाव तुलनेने जास्त तरंगून डोलते, याचाही विचार करायला हवा होता. आम्ही म्हटले, "तुम्ही पाच वेळा चढून दाखवा, मी ४४ वर सही करतो."

४४ सेंटिमीटरच्या स्कीवर ते दोनदा चढले, तिसऱ्यांदा चढून लगेच पलीकडे पडले, चौथ्यांदा त्यांना सोबत्याने हात दिला. ४९ च्या स्कीवर पाचही वेळा चढले, पण शेवटच्या खेपेस धाप लागली होती. ५६ च्या स्कीवर पाचवी चढाई पहिलीसारखीच झाली. हे आकडे त्यांनी स्वतःच, काही न लपवता, आम्हाला पाठवले. तक्त्याचा क्रम पालटला. कार्बनची हौस सोडून त्यांनी फायबरग्लासची, जड, दोन वर्षे वापरलेली रुंद स्की घेतली आणि उरलेल्या पैशांत चांगले तरंगते जाकीट, दोन दोऱ्या आणि पाण्यात चालणारा रेडिओ.

आमची मुलगी म्हणते, ही नाव गाडीखान्यात मावत नाही आणि तिची नाळ स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते. तो रकाना मात्र खरोखरच आमच्या ध्यानात आला नव्हता.

जानेवारीत एका दुपारी जावईबुवा प्रथमच डॉक्टर वाऱ्यात खुल्या पाण्यावर गेले. संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडे दुपार असतानाच, संदेश आला: "बाबा, चार वेळा पडलो, चार वेळा चढलो. तक्ता फाईलला लावा."